रायफलीच्या पट्ट्याची कडी : एक उपेक्षित पुरावा

लष्करी रायफलींचा इतिहास सामान्यतः नळी, काडतूस आणि खजिना या तीन अंगांनी लिहिला जातो. पट्टा अडकविण्याची कडी अथवा खाच हिला वर्णनाच्या शेवटी एखादे वाक्य मिळते. तथापि विसाव्या शतकाच्या आरंभी पायदळाची लांब रायफल व घोडेस्वारांची आखूड कॅराबाइन हा भेद मिटून सर्वांसाठी एकच शस्त्र कसे आले, या प्रश्नाचा विचार करताना हा क्षुल्लक वाटणारा भाग मोलाचा पुरावा ठरतो.

रायफलीच्या लाकडी अंगास येथे दस्ता व त्याच्या खांद्यास टेकणाऱ्या मागील भागास कुंदा म्हटले आहे. पट्टा जोडण्याच्या दोन मुख्य पद्धती होत्या. पहिलीत दस्त्याच्या खालच्या अंगास फिरत्या कड्या असत : एक पुढे, एक कुंद्याखाली. पायी चालणाऱ्या शिपायास खांद्यावरून रायफल लटकविण्यास ही पद्धत सोयीची होय. दुसरीत कुंद्यास आरपार खाच पाडून पट्टा बाजूने ओढला जाई. त्यामुळे शस्त्र पाठीवर आडवे न उलटता सपाट बसे व दोन्ही हात मोकळे राहत. ज्यांचे मुख्य काम रायफल चालविणे नव्हते, अशा घोडेस्वार, तोफखान्याचे गाडीवान, सायकलस्वार इत्यादींची गरज हीच होती.

जर्मनीत १८९८ च्या माउझर रायफलीस खालच्या कड्या होत्या. तिची नळी ७४० मिलिमीटर लांब होती. १९०८ मध्ये स्वीकारलेल्या ५९० मिलिमीटर नळीच्या कॅराबाइनला बाजूचा पट्टा देण्यात आला. येथवर भेद स्पष्ट आहे. परंतु १९२३ मध्ये आलेल्या ‘कॅराबाइन ९८ ब’ या शस्त्राची नळी पुन्हा ७४० मिलिमीटरचीच होती. बदलली होती ती पट्ट्याची जागा. लांबी पायदळाची आणि जोडणी स्वाराची, असे हे मिश्र रूप होय. नळी ६०० मिलिमीटरवर आली ती १९३५ च्या ‘९८ के’ नमुन्यात. म्हणजे सार्वत्रिक शस्त्राची कल्पना प्रथम पट्ट्याच्या जोडणीत उतरली आणि नळीत एका तपानंतर.

रशियातील क्रमही असाच दिसतो. १८९१ च्या मोसिन रायफलीच्या पायदळी नमुन्यास कड्या होत्या. ड्रॅगून स्वारांच्या आखूड नमुन्यास दस्त्यात खाचा होत्या व त्यांच्या कडा धातूने मढविलेल्या असत. १९१० च्या सुमारास पायदळाच्या रायफलीनेही स्वारांची खाच उचलली. तिची नळी मात्र ८०० मिलिमीटरचीच राहिली. ड्रॅगूनांची सुमारे ७३० मिलिमीटरची नळी सर्व सैन्यास प्रमाण ठरली ती १९२० च्या दशकात, आणि १९३० च्या सुधारित नमुन्यात तीच कायम राहिली.

ब्रिटनचे उदाहरण या दोहोंच्या उलट आहे. बोअर युद्धानंतर, १९०३ मध्ये, ब्रिटिशांनी आखूड ली-एन्फील्ड स्वीकारून नळी सुमारे ५ इंचांनी कमी केली आणि पायदळ व घोडदळ यांना एकच रायफल दिली. कड्या मात्र खालच्या अंगासच राहिल्या. याचे कारण शस्त्रात नसून खोगिरात आहे. ब्रिटिश स्वार आपली रायफल पाठीवर न घेता खोगिरास लटकविलेल्या चामडी म्यानात कुंदा खोवून नेत असे. भार घोड्यावर पडे. पण घोडा पडला वा निसटला तर रायफलही जाण्याचा धोका राही. पाठीवर शस्त्र वाहण्याचा प्रश्नच नसल्याने बाजूच्या पट्ट्याची निकड भासली नाही.

यावर असा आक्षेप संभवतो की, खाच ही कडीपेक्षा स्वस्त व टिकाऊ असल्याने हा बदल केवळ काटकसरीचा असावा. रशियाच्या बाबतीत ही शक्यता सर्वस्वी नाकारता येत नाही. परंतु जर्मन नमुन्यात पुढील कड्यावर पट्ट्यासाठी बाजूस स्वतंत्र दांडी बसवावी लागली. ती काटकसर म्हणता येणार नाही. शिवाय, दोन महायुद्धांत प्रचंड संख्येने रायफली निर्माण करूनही ब्रिटनने फिरत्या कड्या सोडल्या नाहीत. तेव्हा जोडणीची निवड ही मुख्यतः शस्त्र वाहण्याच्या रीतीवर अवलंबून होती, असे म्हणावयास हरकत नाही.

मात्र या पुराव्याचा उपयोग सावधपणे करावयास हवा. जुन्या दस्त्यावर खाच मागाहून पाडलेली असू शकते. त्यामुळे नळीवरील वर्षावरून जोडणीचा काळ ठरविणे धोक्याचे होय. त्याचप्रमाणे, एकदा रूढ झालेली जोडणी तिचे मूळ कारण नष्ट झाल्यावरही टिकून राहते. १९६० च्या दशकात ईशापूरच्या कारखान्यात ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी ली-एन्फील्डचा नवा नमुना तयार झाला. तोवर खोगिरास लटकणारे म्यान इतिहासजमा होत आले होते. तरीही त्या म्यानामुळे जागच्या जागी राहिलेल्या खालच्या कड्या या रायफलीवर कायम होत्या आणि अनेक राज्यांच्या पोलिसांच्या खांद्यांवर त्या पुढे दीर्घकाळ दिसत राहिल्या.