सेवाग्रामचा धडा आणि मागावरचा रुग्ण

मंडळी, आज आपण निजामपुऱ्यात बसलो आहोत. इथला मागावरचा कामगार खोकला घेऊन दवाखान्यात जातो. डॉक्टर छाती तपासतात, गोळ्या लिहून देतात. पण तो धुळीत किती तास उभा असतो, एका खोलीत किती जण झोपतात, हे कुणी विचारतं का? वैद्यकीय शिक्षणात माणुसकी कशी रुजवायची, या प्रश्नाकडे आपण इथूनच बघू.

त्याचं एक उत्तर वर्ध्याजवळ सेवाग्रामला सापडतं. १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या निमित्ताने, डॉ. सुशीला नय्यर यांनी तिथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. त्या गांधीजींच्या डॉक्टर होत्या, पुढे केंद्रात आरोग्यमंत्री झाल्या. तरी कॉलेज काढलं ते खेड्यात. याच आश्रमात गांधीजींनी कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींची शुश्रूषा स्वतःच्या हातांनी केली होती.

तिथली रीत बघा. नवा विद्यार्थी सुरुवातीला पंधरा दिवस आश्रमात राहतो. श्रमदान, सूतकताई, प्रार्थना सगळं करतो. मग प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते, प्रत्येकाच्या वाट्याला काही कुटुंबं येतात. त्या घरांत पुन्हापुन्हा जावं लागतं. मग रुग्ण म्हणजे नुसता खाटेचा नंबर राहत नाही. त्याला नाव येतं, चूल येते, कर्ज येतं.

माणसाला केवळ साधन मानू नका, असं कांट सांगून गेला. पण ते पाठ करून अंगी येत नाही. ॲरिस्टॉटल म्हणतो तसं, सद्गुण सवयीनं येतो. सेवाग्रामनं ही सवयच अभ्यासक्रमात घातली.

देशाला हे उशिरा पटलं. २०१९ पासून वृत्ती, नीतिमूल्यं आणि संवाद हा भाग एमबीबीएसच्या अभ्यासात आला; त्यानंतर कुटुंब दत्तक घेण्याची योजनाही आली. चांगलंच झालं. पण भेट न देताच वही भरली, तर उरते फक्त सही. आणि योजना आखली आहे खेड्यांसाठी. मागांच्या गल्ल्या तिच्यात कुठे बसतात?

म्हणून आमचं म्हणणं एवढंच, की अशा वस्त्यांतही विद्यार्थी यायला हवेत, आणि आले तर आपण त्यांना दारातून परत पाठवू नये. आत बोलवावं, मागाजवळ उभं करावं. पुस्तकात नसलेला पाठ तिथे आहे, आणि तो शिकवणारे तुम्ही आहात.