क्षेत्रमुद्रित ध्वनी आणि अमूर्त नादपट : संग्रामपूर-परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

बुलढाणा जिल्ह्यातील संग्रामपूर तालुक्याचे दक्षिणेकडे पूर्णेच्या खोऱ्यातील काळी कपाशीची जमीन आणि उत्तरेकडे सातपुड्याची रांग असे दोन स्वाभाविक भाग पडतात. उत्तर भागात अंबाबरवा अभयारण्य असून त्याचे रान मेळघाटच्या रानाशी सलग आहे. पश्चिमेस लागून असलेल्या जळगाव जामोद तालुक्यात, त्याच सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनबर्डी, कुवरदेव इत्यादी गावी निहाली ही भाषा बोलली जाते. वऱ्हाडी मराठी, कोरकू व निहाली अशा तीन भिन्न वंशांच्या भाषा एवढ्या लहान टापूत एकमेकींच्या शेजारी नांदतात. अशा प्रदेशात ध्वनिमुद्रणयंत्र घेऊन जाणाऱ्याच्या हाती वारा, पाखरे, गुरांच्या गळ्यातील घंटा आणि माणसांचे बोलणे ही सर्व एकाच फितीवर येतात. अलीकडे अशी क्षेत्रमुद्रणे संथ करून, एकमेकांवर चढवून व गाळून त्यांपासून अमूर्त स्वरूपाची संगीतकृती निर्माण करण्याची कला जगभर रूढ झाली आहे. अशा कृतीस येथे ‘नादपट’ म्हटले आहे. ही कला कशी घडत गेली आणि संग्रामपूरसारख्या प्रदेशास तिचा कोणता संबंध पोहोचतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासात दोन परंपरा स्पष्ट दिसतात. पहिलीत मुद्रित ध्वनी ही साक्ष असते, तर दुसरीत ते द्रव्य असते. पहिल्या परंपरेचे भारतातील ठळक उदाहरण म्हणजे जॉर्ज ग्रिअर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या अनुषंगाने १९१३ ते १९२९ या काळात तयार झालेल्या ग्रामोफोनच्या तबकड्या. बोलणारा कोण, भाषा कोणती, कथा कोणती, याची नोंद हेच त्या तबकड्यांचे मोल होय. महाराष्ट्रात याच वृत्तीचे मोठे कार्य हेमा राईरकर व गी पॉयत्वँ यांनी केले. त्यांच्या पुढाकाराने जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह झाला, त्यातील ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे. ओवी कोणत्या गावची व ती गाणारी स्त्री कोण, ही माहिती तेथे ओवीबरोबरच जतन केली जाते.

दुसऱ्या परंपरेचा आरंभ १९४० नंतरच्या दशकात झाला. १९४४ मध्ये कैरो येथे हलीम एल-दाब यांनी ‘झार’ नावाच्या विधीतील गायन तारेवरील मुद्रणयंत्राने टिपले आणि प्रतिध्वनी व गाळणी यांच्या साहाय्याने त्याचे रूप पालटून टाकले. १९४८ मध्ये पॅरिस येथे पिएर शेफर यांनी आगगाडीच्या इंजिनांचे आवाज तबकड्यांवर घेऊन त्यांचे तुकडे पाडले, ते पुनःपुन्हा फिरविले आणि त्यांतून एक संगीतकृती रचली. ध्वनीचे उगमस्थान विसरून केवळ ध्वनीचा पोत ऐकावा, हे शेफर यांचे सूत्र होते आणि १९६६ च्या ग्रंथात त्यांनी ते सविस्तर मांडले. त्यांच्याच वर्तुळातील ल्यूक फेरारी यांनी मात्र १९७० मध्ये पूर्ण केलेल्या एका कृतीत समुद्रकाठच्या एका गावाची पहाट जवळजवळ जशीच्या तशी ठेवली. ध्वनी गावापासून तोडावा की गावासह ऐकवावा, हा वाद अशा रीतीने त्या कलेच्या पहिल्या पंचवीस वर्षांतच उभा राहिला. पुढे १९७८ मध्ये ब्रायन ईनो यांनी वातावरणात मिसळून जाणाऱ्या संथ संगीतास स्वतंत्र नाव मिळवून दिले व १९८२ च्या संग्रहात निसर्गातील मुद्रणांचाही उपयोग केला.

भारतातही ही विद्या लवकर आली. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनिक संगीताची कार्यशाळा उभी राहिली. गीता साराभाई, आय. एस. माथुर, अतुल देसाई, एस. सी. शर्मा, जिनराज जोशीपुरा यांनी तेथे केलेले प्रयोग दीर्घ काळ विस्मृतीत गेले होते. त्यांपैकी निवडक २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये प्रमोद पती यांनी १९६८ च्या ‘एक्स्प्लोरर’ या लघुपटात चित्राच्या जोडीने ध्वनीचीही अशीच मोडतोड केली. अलीकडे बुधादित्य चट्टोपाध्याय यांनी पूर्व भारतातील व बंगळूरमधील क्षेत्रमुद्रणांपासून नादपट रचले आहेत. ही कला केवळ परकीय आहे, असे म्हणता येणार नाही.

नादपट घडताना बोलण्याचे काय होते, हा प्रश्न भाषाशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. फीत निम्म्या वेगाने फिरविली म्हणजे स्वर एक सप्तक खाली येतो आणि काळ दुप्पट होतो. वेग आणखी कमी केला की आघाताने उमटणारी व्यंजने पसरट होऊन ओळखू येत नाहीत, दीर्घ स्वर तेवढे उरतात. उच्च कंपनसंख्येचे ध्वनी गाळून टाकले तर बोलण्याची लय व चढउतार कानी येतात, शब्द मात्र कळत नाहीत. संग्रामपूरच्या बोलीतील एक साधे उदाहरण घेता येईल. वऱ्हाडीत ‘ळ’च्या जागी ‘य’ येतो. ‘काळा’चा ‘काया’ होतो, ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. हा भेद ज्या सूक्ष्म ध्वनिगुणावर अवलंबून आहे, तोच या प्रक्रियेत आरंभी लोपतो. यंत्रातून बाहेर पडलेला तो आवाज संग्रामपूरचा की साताऱ्याचा, हे मग सांगता येत नाही. अमूर्तता म्हणून जिचा गौरव होतो, ती मानवी आवाजाच्या बाबतीत शब्दापासून सुटका असते.

मराठीच्या बाबतीत ही हानी भरून निघण्याजोगी आहे, कारण मराठीचे कोट्यवधी भाषिक आहेत, व्याकरणे व कोश आहेत. निहालीची स्थिती निराळी आहे. स्टेन कोनो यांनी १९०६ मध्ये भाषिक सर्वेक्षणाच्या चौथ्या खंडात तिचा समावेश मुंडा भाषांबरोबर केला. १९५७ मध्ये सुधीभूषण भट्टाचार्य यांनी क्षेत्रकार्यावरील टिपणे प्रसिद्ध केली. १९६२ मध्ये एफ. बी. जे. कायपर यांनी तौलनिक अभ्यास करून दाखविले की, तिच्या शब्दसंग्रहावर कोरकूचा मोठा व द्राविड भाषांचाही काही प्रभाव असला, तरी सुमारे चतुर्थांश शब्दांचा संबंध कोणत्याही ज्ञात भाषेशी जुळत नाही. पुढे आशा मुंडले यांनी शब्दसंग्रह केला व के. एस. नागराज यांचे वर्णनात्मक पुस्तक २०१४ मध्ये निघाले. आज बहुतेक अभ्यासक निहालीस एकाकी भाषा मानतात. तिच्या भाषिकांची संख्या दोन-अडीच हजारांच्या आसपास धरली जाते. १९७१ पासून जनगणनेत दहा हजारांहून कमी भाषिक असलेल्या भाषांची नावे स्वतंत्रपणे छापली जात नसल्यामुळे अशा भाषेची सरकारी नोंदही ‘इतर’ या शब्दात विरून जाते.

निहालीतील उसना शब्द कोणता व स्वतःचा कोणता, हा निर्णय एकेका व्यंजनावर, एकेका स्वराच्या लांबीवर ठरतो. म्हणजे संशोधनाचा पुरावा ज्या बारकाव्यांत साठला आहे, नेमके तेच नादपटाच्या कारागिरीत अगोदर झिजतात. मूळ मुद्रण जपले नसेल, तर अशा नादपटातून निहाली परत मिळविता येणार नाही. उरेल तो एक गंभीर, सुंदर गुंजारव आणि तो कोणत्याही भाषेचा असू शकेल.

ही काळजी केवळ भाषेपुरती नाही. या तालुक्याच्या पूर्वेस अकोट, वान रोड, ढूलघाट या मार्गाने मेळघाट ओलांडून खांडव्यास जाणारी मीटरगेज गाडी २०१७ मध्ये थांबली. घाटातील वळणावर तिचा जो आवाज होत असे, तो आता प्रत्यक्षात ऐकावयास मिळत नाही. नव्या रुंद मार्गाची आखणी व्याघ्र प्रकल्पाबाहेरून, सोनाळा, जामोद, कुवरदेव या बाजूने करण्यात आली. यांपैकी सोनाळा संग्रामपूर तालुक्यातील आणि कुवरदेव निहाली-भाषिकांचे गाव. पॅरिसच्या इंजिनांनी या कलेस जन्म दिला. येथे रानाला वाचविण्यासाठी वळविलेली आगगाडी एका भाषेच्या दाराशी येत आहे. वाहतूक वाढली की बाजार, शाळा व रोजगार यांच्या भाषांचे वजन वाढते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. त्या गावांना गाडी नको, असा याचा अर्थ नव्हे. मुद्रणाचे काम लांबणीवर टाकण्यास मात्र आता फारसा अवकाश उरलेला नाही.

या विवेचनावरून नादपटाची कला त्याज्य ठरत नाही. ध्वनीचा पोत ऐकण्याची जी सवय शेफर यांनी लावली, तिचा लाभ ध्वनिशास्त्रासही झाला आहे. जे गाव एरवी कोणाच्या लक्षात येत नाही, त्याकडे एखादा नादपट कान वळवू शकतो, हेही मान्य केले पाहिजे. प्रश्न क्रमाचा आहे. आधी मूळ मुद्रण अखंड व अस्पर्श राहिले पाहिजे. त्यासोबत स्थळ, दिनांक, बोलणाऱ्याची संमती आणि त्याच्या इच्छेनुसार त्याचे नाव, तसेच शब्दांचा अर्थ नोंदविलेला असावा आणि त्याची एक प्रत त्या गावाला उपलब्ध असावी. एवढे झाल्यावर दुसऱ्या प्रतीवर कलावंताने हवे ते संस्कार करावेत. साक्षीपासून द्रव्य केव्हाही करता येते, द्रव्यापासून साक्ष परत उभी करता येत नाही. संग्रामपूरच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याशी ध्वनिमुद्रणयंत्र नेणाऱ्या प्रत्येकाने, मग तो संशोधक असो वा संगीतकार, हा क्रम पाळणे अगत्याचे आहे.