बालाघाटचे मँगनीज आणि ब्रिटिश भांडवल

मध्य प्रदेशाच्या दक्षिण सीमेवर, महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात मँगनीजच्या तीन प्रमुख खाणी आहेत : शहरालगतची भरवेली, बैहरच्या बाजूची उकवा आणि नागपूर जिल्ह्याच्या दिशेची तिरोडी. त्यांपैकी भरवेलीची खाण आशियातील सर्वांत खोल भूमिगत मँगनीज खाणींत गणली जाते. या खाणींचा इतिहास हा परकीय गुंतवणुकीच्या आगमनाचा आणि तितकाच तिच्या निर्गमनाचा इतिहास आहे. निर्गमनाचा भाग सहसा सांगितला जात नाही. वस्तुतः तोच अधिक उद्‍बोधक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात पोलाद मोठ्या प्रमाणावर तयार होऊ लागले, तेव्हा मँगनीजला महत्त्व आले. वितळलेल्या लोखंडातील प्राणवायू आणि गंधक यांचा दोष मँगनीज दूर करते. त्याच्याविना पोलाद ठिसूळ राहते. १८८२ मध्ये शेफील्डच्या रॉबर्ट हॅडफील्ड यांनी सुमारे १२ ते १३ टक्के मँगनीज असलेले अत्यंत चिवट पोलाद तयार केले आणि रेल्वेच्या सांध्यांपासून दगड फोडण्याच्या यंत्रांपर्यंत त्याचा उपयोग होऊ लागला. ब्रिटनजवळ पोलादाचे कारखाने होते, मँगनीज मात्र जवळजवळ नव्हते. जगाचा मोठा पुरवठा रशियन साम्राज्यातील कॉकेशसमधून होई. भारतात हे खनिज १८९२ पासून विशाखापट्टणम भागात काढले जाऊ लागले होते. १८९६ मध्ये ‘सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ स्थापन झाले आणि मध्य प्रांतातील साठ्यांकडे ब्रिटिश भांडवल वळले. पुढे हीच संस्था ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ या नावाने ओळखली गेली. तिची नोंदणी ब्रिटनमध्ये होती. खाणी नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांत.

१९०५ च्या रशियन उलथापालथीत कॉकेशसचा पुरवठा विस्कळीत झाला आणि भारतीय खनिजाची मागणी एकदम वाढली. मात्र हा जड माल डोंगरातून बंदरापर्यंत नेणे सोपे नव्हते. याच काळात गोंदियाहून बालाघाट, नैनपूरमार्गे जबलपूरकडे अडीच फुटी अरुंदमापी लोहमार्ग पडला. तो बांधणारी बंगाल नागपूर रेल्वे हीसुद्धा ब्रिटिश भांडवलावर उभी असलेली कंपनी. १९३१ मध्ये रायपूर–विजयनगरम मार्ग पूर्ण झाला, १९३३ मध्ये विशाखापट्टणमचे बंदर खुले झाले; या दोन्ही खर्चिक कामांमागील महत्त्वाच्या हिशेबांत मध्य प्रांताच्या मँगनीजचा समावेश होता. म्हणजे गुंतवणूक केवळ खाणीत नव्हती. खाण, रेल्वे, बंदर आणि दूरचा कारखाना अशी ती साखळी होती आणि तिचे निर्णय बालाघाटात होत नसत.

या साठ्यांचा शास्त्रीय अभ्यास भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ली फर्मोर यांनी केला. त्यांचा बृहद्ग्रंथ १९०९ मध्ये प्रसिद्ध झाला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या एका खडकाला त्यांनी गोंड जमातीवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिले. तिरोडीवरून ‘टिरोडाइट’ हे खनिजनामही पुढे रूढ झाले. खडकाला नाव मिळाले. भागधारकांच्या यादीत गोंड कुठे नव्हते, एवढे येथे नोंदवून ठेवावे.

स्वातंत्र्यानंतर चित्र बदलले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला. बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. एका कंपनीच्या खाणी आता दोन राज्यांत विभागल्या गेल्या. १९६२ मध्ये भारत सरकार आणि ब्रिटिश कंपनी यांच्यात करार होऊन ‘मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड’, म्हणजे आजची मॉयल, अस्तित्वात आली. कंपनीची मालमत्ता सरकारने घेतली. नव्या संस्थेतील ५१ टक्के भाग केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्याकडे मिळून होता. उरलेले ४९ टक्के जुन्या ब्रिटिश कंपनीकडेच राहिले.

हा टप्पा सर्वांत विचारपूर्वक टाकलेला होता, असे म्हणावे लागते. मालकीचा तोल भारताकडे आला, पण जुन्या भागीदाराला लाभाचा वाटा असल्यामुळे त्याचा अनुभव आणि बाजारातील संबंध तुटले नाहीत. पंधरा वर्षांनी, १९७७ मध्ये, उरलेले ४९ टक्केही विकत घेतले गेले. तो काळ परकीय भांडवलाला प्रतिकूल होता. १९७३ च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांच्या हिश्श्यावर सर्वसाधारणपणे ४० टक्क्यांची मर्यादा घातली होती आणि १९७७-७८ मध्ये कोका-कोला व आयबीएम भारत सोडून गेल्या. त्या दोन निर्गमनांची चर्चा अजून होते. बालाघाटातील निर्गमन निमूटपणे पार पडले. खाणी चालूच राहिल्या आणि मुख्यालय नागपुरात राहिले. डिसेंबर २०१० मध्ये मॉयलचे भाग शेअर बाजारात आले, तेव्हा परदेशी गुंतवणूकदारांनाही दार पुन्हा उघडले. या वेळी मात्र नियंत्रणाविना.

गोव्याच्या वाचकाला येथे आपल्या खाणींची आठवण होणे साहजिक आहे. पोर्तुगीज राजवटीने दिलेल्या खाण-सवलती मुदतीविना होत्या. त्या रद्द करून त्यांचे खाणपट्ट्यांत रूपांतर करणारा कायदा १९८७ मध्ये, म्हणजे मुक्तीनंतर पंचवीस वर्षांनी झाला. बालाघाटात मालकीचा प्रश्न कराराने सुटला. गोव्यात तो दीर्घकाळ न्यायालयांत फिरत राहिला.

या कथेची उलटी बाजू ब्रिटनमध्ये दिसते. ज्या देशातून भांडवल बालाघाटात आले, तो देश आज स्वतः परकीय गुंतवणुकीचे मोठे गंतव्यस्थान आहे, आणि भारतीय उद्योगांचेही. एप्रिल २००७ मध्ये टाटा स्टीलने ब्राझीलच्या स्पर्धक कंपनीवर मात करून ‘कोरस’ हा अँग्लो-डच पोलाद उद्योग प्रतिभाग ६०८ पेन्स, म्हणजे एकूण सुमारे ६.२ अब्ज पौंड देऊन घेतला. पुढच्याच वर्षी जागतिक मंदी आली. २०१६ मध्ये स्कन्थॉर्पचा विभाग नाममात्र एका पौंडाला विकला गेला. वेल्समधील पोर्ट टॅल्बट येथील अखेरची झोतभट्टी ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाली. तिच्या जागी भंगार वितळवणारी विद्युत भट्टी उभारण्याची योजना १.२५ अब्ज पौंडांची असून त्यांतील ५० कोटी पौंड ब्रिटिश सरकारचे आहेत. भट्टी बदलली तरी पोलादाला मँगनीज लागतेच.

बालाघाटात यजमान सरकारने हिस्सा विकत घेतला. पोर्ट टॅल्बटमध्ये यजमान सरकारने गुंतवणूकदाराला टिकवण्यासाठी पैसे दिले. स्कन्थॉर्पमध्ये तिसराच मार्ग दिसला. तो कारखाना २०२० मध्ये चीनच्या जिंग्ये समूहाकडे गेला होता. तेथील झोतभट्ट्या विझण्याची वेळ आली तेव्हा १२ एप्रिल २०२५ रोजी, शनिवारी, ब्रिटिश संसदेचे खास अधिवेशन भरले आणि एका दिवसात कायदा करून सरकारने कारभार हाती घेतला. मालकी मात्र त्या दिवशीही चिनी समूहाचीच राहिली.