छावणीतील विहार : कंबोडियातील निर्वासितांची मनोवेदना

बौद्ध देशांचा इतिहास आम्ही बहुधा स्तूप, शिलालेख आणि संगीती यांच्या आधारे वाचतो. त्याच इतिहासात निर्वासितांच्या छावणीतील बांबूचा एक विहारही आहे, हे मात्र आमच्या लक्षात राहत नाही.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजने कंबोडियाची सत्ता हस्तगत केली. जानेवारी १९७९ पर्यंत उपासमार, वेठबिगार आणि कत्तल यांत सुमारे सतरा लाख माणसे प्राणास मुकली. भिक्खूंना बळाने चीवर उतरवावयास लावले गेले आणि विहारांची कोठारे व तुरुंग झाले. ख्मेर रूजची सत्ता कोसळल्यावर लोक थायलंडच्या सीमेकडे धावले. ऑक्टोबर १९७९ मध्ये सा काओ येथे उघडलेल्या छावणीत अल्पावधीत सुमारे तीस हजार माणसे आली. त्यांत पीडित होते, तसेच पीडा देणारेही होते.

नालंदा येथे अध्ययन केलेले महाघोषानंद या छावणीत आले, तेव्हा त्यांचे स्वतःचे कुटुंबही संहारात नष्ट झालेले होते. त्यांनी मेत्तसुत्ताच्या प्रती वाटल्या आणि बांबूचा विहार उभारला. तेथे जाणाऱ्यास ख्मेर रूजच्या छावणीतील हस्तकांकडून जीवाचे भय होते. तरीही हजारो लोक आले. वैराच्या शमनाविषयीची धम्मपदातील गाथा कित्येक वर्षांनी कानी पडताच तो समुदाय रडू लागला. चार वर्षे ज्यांना उघडपणे रडण्याचीही मुभा नव्हती, त्यांना एकत्र रडता आले. आमच्या मते मानसोपचाराचा आरंभ येथेच झाला.

त्याच वर्षी उघडलेल्या खाओ-ई-दांग छावणीत आंतरराष्ट्रीय रेड क्रॉसचे मनोविकारतज्ज्ञ ज्याँ-पियर हिगेल यांनी 'क्रू ख्मेर' म्हणजे पारंपरिक वैद्यांना रुग्णालयाच्या जोडीने कामास घेतले. जडीबुटी, मर्दन आणि वाफारा यांबरोबर त्यांच्याकडे मंत्रतंत्र आणि भूतबाधाही होती. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या आम्हांस हे रुचणारे नाही, आणि ते रुचवून घेण्याचे कारणही नाही. मात्र डॉक्टरांना ज्यांची भाषा कळत नव्हती, त्यांचे गाऱ्हाणे त्यांच्याच भाषेत ऐकणारा माणूस तेथे बसलेला होता. गुण मंत्राचा होता की त्या ऐकण्याचा, हे ज्याने त्याने ठरवावे.

याहून कठीण प्रश्न कर्माचा आहे. आपले दुःख हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ, असे अनेक निर्वासित मानीत. त्याने क्षणभर मन स्थिर होतही असेल. परंतु मारणारा त्यातून निसटतो आणि मेलेल्याच्या माथी दोष येतो. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली, कारण तिच्या आडून समाज आणि राज्यसत्ता आपली जबाबदारी झटकू शकतात. कंबोडियाच्या बाबतीत हा मुद्दा किती यथार्थ आहे, हे वेगळे सांगावयास नको.

१९९२ मध्ये महाघोषानंदांनी सीमेवरील निर्वासितांना बरोबर घेऊन नॉम पेन्हपर्यंत धम्मयात्रा काढली. वाटेत कित्येकांना वर्षानुवर्षे दुरावलेले आप्त भेटले. १९९३ पर्यंत साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित स्वदेशी परतले, पण मनातील भय त्यांच्याबरोबरच परतले. ख्मेर भाषेत त्यास 'बाक्सबात' म्हणतात. त्याचा आशय धैर्य मोडून पडणे असा आहे. या अवस्थेचा अभ्यास करणारे मनोविकारतज्ज्ञ छिम सोथीरा स्वतः त्या राजवटीतून वाचलेले आहेत. २०२२ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्यांच्या संस्थेने योजलेली पद्धत आम्हांस विशेष मोलाची वाटते. पीडित व्यक्ती समुपदेशकास आपला वृत्तान्त सांगते आणि तो लिहून घेतला जातो. कोणी काय केले, कोठे केले आणि कोण मेले, हे सारे त्यात असते. मग विहारात, आप्त आणि शेजारी जमलेले असताना, भिक्खूंच्या उपस्थितीत तो मोठ्याने वाचला जातो. गावात जे कुजबुजीनेही बोलले जात नव्हते, ते त्या दिवशी सर्वांच्या कानी पडते. शेवटी तो कागद ज्याचा वृत्तान्त आहे, त्याच्याच हाती दिला जातो.