पुण्याची एसटी आणि फॉर्मॅलिनचा वास

मोबाइल घरीच ठेवा, तिकडे त्याचा उपयोग नाही. साल १९५६. तुम्ही अकलूजच्या स्टँडवर उभे आहात. पायांत करकरणाऱ्या नव्या वहाणा, हातात पत्र्याची ट्रंक. वारं माळीनगरकडून आलं की साखर कारखान्यातल्या मळीचा आंबूस-गोड दर्प नाकात भरतो. तुम्हाला पुण्याच्या बी. जे. मेडिकलला प्रवेश मिळालाय, म्हणून आई फडक्यातल्या भाकऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी पुन्हा पुन्हा चाचपून बघतेय. एसटी आली! चढायचं काम तुमच्याकडे नाहीच, मागची गर्दीच तुम्हाला आत ढकलते. मांडीवर कुणाचं तरी पोर, पायाशी कोंबड्यांची पाटी, खिडकीतून फुफाटा. इंदापूर येईतो सदरा पाठीला चिकटलेला.

पुणं आलं, कॉलेज आलं. आता हे दार ढकला. डिसेक्शन हॉल.

आधी डोळे चुरचुरतात, मग घसा धरतो. हे फॉर्मॅलिन, प्रेत टिकवायचं द्रावण. प्रेत ठेवलेल्या प्रत्येक टेबलाभोवती पांढऱ्या एप्रनांचा घोळका. एकजण पुस्तकातून मोठ्यानं वाचतोय, दुसऱ्याच्या हातात चिमटा खणखणतोय. तुमच्या शेजारचा भिंतीला टेकलाय. तुम्हीही टेका, इथे कोणी हसत नाही. मग हात लावा. कातडी थंड, चिवट. पण त्याच कातडीखालची पांढरी नस चिमट्यावर उचलली जाते, तेव्हा पुस्तकातलं अख्खं पान तुमच्यासमोर उघडतं. रात्री मेसमध्ये साबणानं तीनदा हात धुता, तरी पहिला घास तोंडाशी नेताना बोटांना तोच वास येतो.

टेबलावर कोण आहे? कुणालाच माहीत नाही. १९४९च्या कायद्यानं बेवारस प्रेतं कॉलेजला मिळतात. जिवंतपणी ज्याच्या उशाशी बहुधा डॉक्टर आला नाही, त्यानंच डॉक्टर घडवायचे, आणि तेही न विचारता. मला ही गोष्ट आजही टोचते.

आणि याच १९५६ साली याच कॉलेजला एक देह नावानिशी मिळतो. पुण्याचे शिक्षणतज्ज्ञ पांडुरंग श्रीधर आपटे यांचा, त्यांच्या स्वतःच्या इच्छेनं. भारतातलं नोंद झालेलं पहिलं देहदान हेच मानलं जातं. चहाच्या दुकानात जरा कान द्या. अग्नी नाही? मग अस्थी कुठून आणायच्या? दहाव्याला काय करायचं? आत्म्याला गती कशी मिळणार? अकलूजला नीरेच्या घाटावर आजोबांचा दहावा तुम्ही पाहिलाय, त्यामुळे हे प्रश्न तुम्हालाही खोटे वाटत नाहीत. म्हणूनच त्या माणसाचं धाडस किती मोठं, ते इथे या बाकावर बसून जास्त कळतं.

चला, परत. आज पहिल्या वर्षाची मुलं सुरी हातात घेण्याआधी देहासमोर शपथ घेतात. अभ्यासक्रमच त्या देहाला पहिला शिक्षक म्हणतो. या सन्मानाचं मला मनापासून अप्रूप आहे. अकलूजकरांना देहदानासाठी आता पुणं गाठायला नको. सोलापूरचं डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६३पासून आहे, अलीकडे बारामतीलाही झालंय. अर्ज भरा, नेत्रदानही करा; डोळे दिले तरी देह स्वीकारतात. मात्र देह काही तासांतच पोचवावा लागतो आणि त्या वेळी निर्णय असतो घरच्यांच्या हातात. तेव्हा नुसता अर्ज कपाटात ठेवू नका. आज रात्री जेवताना मुलांना, सुनांना, भावाला स्पष्ट सांगून ठेवा.