फीत नसलेली कॅसेट

गाडीत आपल्या आवडीचं गाणं लावायचा नाद तसा जुना. १९५६ साली अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने मोटारीत चक्क रेकॉर्ड प्लेअर बसवला. धक्क्याने सुई उडू नये म्हणून तिच्यावर मुद्दाम जादा भार! (आपल्याकडचे खड्डे त्यांनी पाहिले नव्हते.) हौस दोन-चार वर्षांत फिटली.

१९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली आणि पुढे गाडीत सुखाने नांदू लागली. मग १९८२ साली सीडी, २००१ साली आयपॉड. जुन्या गाडीच्या टेपला मात्र कॅसेटशिवाय दुसरा घास गिळेना. नवा स्टिरिओ घ्यावा तर खिशाला चाट. यावर उतारा निघाला तो फीत नसलेल्या कॅसेटचा. आत चुंबकीय हेड, बाहेर लोंबणारी वायर. वायरीतून आलेलं गाणं हे हेड टेपच्या हेडला चुंबकाच्या भाषेत सांगतं, आणि टेपला वाटतं, फीतच फिरतेय! सूनबाईने हॉटेलातली भाजी घरच्या पातेल्यातून वाढावी आणि सासूबाईंनी 'आज मीठ बरोबर पडलंय हो' म्हणावं, तसं.

टेपच नसेल तर सिगारेट लायटरच्या भोकात बसणारा एफएम ट्रान्समीटर. पेनड्राइव्हवरची गाणी तो गाडीच्याच रेडिओला ऐकवतो. रेडिओ नुसता मीडियम वेव्हचा असला तर हात टेकायचे. आणि सिग्नलला शेजारच्या गाडीचा काटा त्याच आकड्यावर असला, तर तुमची भैरवी तिलाही फुकटात.