भुईलगतच्या हवेचा प्रकाशवेध

मार्गशीर्ष पौर्णिमेला सारंगखेड्यात एकमुखी दत्ताची यात्रा भरते, तेव्हा तापीकाठच्या रात्री निरभ्र आणि निवांत असतात. शहादा तालुक्यातल्या केळी-पपईवाल्यांना याच दिवसांत थंडीची धास्ती असते. पण किमान तापमानाचा जो आकडा जाहीर होतो, तो जमिनीपासून सुमारे चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचा. कोवळं रोप त्याच्या बरंच खाली जगतं. या खालच्या हवेबद्दलचा एक महत्त्वाचा शोध महाराष्ट्रातच, पुण्यात लागला आणि अशा हवेचा अभ्यास पुढे न्यायला प्रकाशही कामी आला. हवामानशास्त्राच्या इतिहासात या गोष्टीला मिळायला हवी तेवढी जागा मिळालेली नाही, असं माझं मत आहे.

सी. व्ही. रामन यांचे शिष्य एल. ए. रामदास पुण्यात हवामान खात्याच्या कृषी शाखेचे काम पाहत. रात्री जमीन निवते, तेव्हा सर्वांत गार हवा तिला चिकटूनच असणार, अशी सर्वांची समजूत होती. १९३२ साली रामदास आणि त्यांचे सहकारी आत्मनाथन यांनी दाखवलं, की शांत, निरभ्र रात्री उघड्या जमिनीवर सर्वांत गार हवा वीत-दोन वीत वर असते. अनेकांनी ते मानलं नाही. तापमापकच चुकला असेल, असं म्हटलं. हा आक्षेप पोकळ नव्हता. तापमापक स्वतः उष्णता घेतो आणि सोडतो, आणि इतक्या पातळ थरात त्याची लुडबुड नगण्य नसते. राश्के या जर्मन संशोधकाने पुण्यातच पुन्हा मोजमाप केलं आणि १९५७ साली रामदासांचा निष्कर्ष खरा ठरवला. पुढे शास्त्रज्ञ रोद्दम नरसिंह आणि सहकाऱ्यांनी १९९३ साली या थराची प्रारणावर आधारलेली उपपत्ती मांडली; बंगळुरूच्या नंतरच्या संशोधनाने हवेत तरंगणाऱ्या सूक्ष्म कणांकडे बोट दाखवलं.

हवेला न शिवता मोजायचं तर प्रकाश हवा. रामदास आणि परांजपे यांनी १९३६ मध्ये तापलेल्या पृष्ठभागालगतचं तापमान व्यतिकरणमापकाने मोजण्याची रीत प्रसिद्ध केली. प्रकाशाचे दोन झोत करून एक तापलेल्या हवेतून नेला, की विरळ हवेमुळे व्यतिकरणाचे पट्टे सरकतात. त्या सरकण्यावरून तापमान काढता येतं. तो प्रयोगशाळेतला प्रयोग होता, शेतातला नव्हे, हे खरं. पण अगदी पृष्ठभागालगतची हवाही प्रकाशाने वाचता येते, हे त्याने सिद्ध केलं. तापमानाप्रमाणे हवेतले कणही प्रकाशाने मोजता येतात. १९८६ पासून पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत देवरा आणि अर्नेस्ट राज यांनी आर्गॉन लेसरचा लायडार, म्हणजे हवेतून विखुरलेला लेसरचा प्रकाश दुर्बिणीने टिपणारं यंत्र, चालवला. लेसर आणि दुर्बीण शेजारी असली, की जवळची हवा नीट दिसत नाही. इथे दोन्ही एकमेकांपासून लांब ठेवल्याने सुमारे ५० मीटर उंचीपासूनचे धूलिकण मोजता आले.

पन्नास मीटर म्हणजे वीतभर नव्हे, हा आक्षेप रास्तच. शेतकऱ्याला नुसतं तापमान हवं असेल, तर खुंट्यांना बांधलेले स्वस्त तापमापक पुरतील, हेही मान्य. पण बागेत रात्री धूर करतात, त्याने थंडी कितपत अडते, हे तापमापक एकटा सांगणार नाही. त्यासाठी त्या थरातले कण मोजायला हवेत. कणांवरून विखुरलेला लेसरचा प्रकाश टिपणारे मुठीएवढे संवेदक आता मिळतात. एक वीतभर उंचीवर आणि एक चार फुटांवर लावता येईल. मात्र नदीकाठच्या धुक्यात पाण्याचे थेंबही प्रकाश विखुरतात आणि आकडा फुगतो, म्हणून शेजारी आर्द्रतामापक लावावाच लागेल.